डाव्या हाताचा पाट

आमच्या घरात संशय मी आणला, हे आधीच सांगून टाकते. कुणी कान फुंकले नाहीत, कुणी शिकवलं नाही. माझा स्वभावच तसा होता. दुधात पाणी आहे का हे मी गवळी दारात यायच्या आधीच ठरवून बसलेली असायची.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव झरीपासून दोन कोसांवर. घरात माणसं चार: माझे मालक, त्यांची आई, म्हणजे आमच्या आत्याबाई, धाकटे दीर आणि मी. दिरांना मी भाऊजी म्हणायची. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणाला ताडकळसला माहेरी गेली होती. सासरे वारले होते. जमिनीचा पट्टा मालकांच्या नावावर होता आणि शेती दोघा भावांची एकत्र.

आता मोट कुणी पाहिलेली नसेल म्हणून थोडं सांगते. विहिरीतलं पाणी चामड्याच्या मोठ्या मोटेनं वर यायचं. ती ओढायचा जाड दोर म्हणजे नाडा; तो विहिरीच्या काठावरच्या चाकावरून जायचा. भरलेली मोट वर येताना बैल उतारावरून खाली चालतात, आणि हाकणारा माणूस ताणलेल्या नाड्यावर बसून घेतो, म्हणजे त्याचा भारही ओढीला लागतो. माघात एका सकाळी मालक असे बसलेले असताना नाडा तुटला. ते फेकले गेले आणि उताराच्या कडेला रचलेल्या दगडांवर डोकं आपटलं, उजव्या कानाच्या वर. त्या वेळी विहिरीवर दोघंच होते, मालक आणि भाऊजी.

भाऊजींनी एकट्यानं त्यांना गाडीत घातलं आणि परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी मागून दुसऱ्या गाडीनं पोचले. डॉक्टरसाहेब उर्दूत बोलले, "सर की चोट है. होश आएगा, मगर वक़्त लगेगा. सब्र करो." सब्र करणं हा माझा प्रांत कधीच नव्हता. आठ दिवस मी दवाखान्याच्या ओसरीवर बसून एकच विचार करत होते. नवा बैल नाही, नवी वाट नाही, रोजचा नाडा. मग तो तुटला कसा?

नवव्या दिवशी मालकांनी डोळे उघडले. मला ओळखलं. "पाणी," म्हणाले. मी इतकी रडले की पाणी द्यायचंच राहून गेलं. डावा हात आणि डावा पाय उचलत नव्हता, बोलणं जड होऊन एखाद्या शब्दावर आलं होतं, पण माणूस परत आला होता. आणखी काही दिवसांनी घरी न्यायला सांगितलं.

घरी आल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल, तर विहिरीवर जाऊन तुटलेला नाडा पाहिला. टोकाचे अर्धे पदर पिंजलेले होते आणि अर्धे सरळ, विळ्यानं कापावेत तसे. तेवढं टोक मी कापून घेतलं आणि ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवलं. दिवाळीत भाऊजी मालकांना म्हणाले होते, "दादा, वाटण्या करून टाकू. आता लेकरू होईल, माजं मला बघू दे." भांडण नव्हतं. मालक हसून "बघू" म्हणाले होते. पण दिवाळीतली वाटणी आणि माघातला नाडा यांची मी माझ्या मनात गाठ मारली, आणि एकदा गाठ बसल्यावर मला सगळीकडं पाणी मुरताना दिसायला लागलं.

मालकांची बाज मी आतल्या सोप्यात टाकली. त्यांच्या उजव्या हाताला चूल आणि मी, डाव्या हाताला दार. भाऊजी शेतातून आले की हातपाय धुऊन दाराकडच्या बाजूनं बाजेशी बसायचे. त्यांची जागा तीच होती. आमच्यात थोरल्याच्या डाव्या हाताला धाकट्यानं बसायचं. सासरे होते तेव्हा मालक त्यांच्या डावीकडं बसत. ते गेल्यावर भाऊजींचा पाट मालकांच्या डावीकडं आला. पंगतीला तेच, गाडीत तेच, देवळातही तेच. हे कुणी सांगावं लागत नसे.

भाऊजी हाक मारायचे, "दादा." मालक तोंड फिरवायचे. भावाकडं नाही, माझ्याकडं. पुन्हा हाक आली की मान आणखी माझ्याकडं वळायची, डोळे बावरून चुलीपाशी काहीतरी शोधायचे. एकदा नाही, रोज. भाऊजी त्यांचा डावा हात मांडीवर घेऊन तासतासभर तेल चोळायचे, बोट बोट मोकळं करायचे, आणि मालक असे पडून राहायचे, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. भावाकडं एकदाही पाहिलं नाही. मी मनात म्हणाले, ह्या माणसाला बोलता येत नाही, पण सगळं ठाऊक आहे. तो माझ्याकडं बघून मला सांगतोय की ह्याला माझ्यापासून दूर कर.

गावातली माणसं भेटायला येत, तीही दाराकडूनच येत. मालक त्यांच्याकडंही बघत नसत. ते मला दिसत होतं, पण मी म्हणायची, थकलेत. माझं लक्ष एकाच माणसावर होतं.

एकदा घरात कुणी नाही असं बघून मी विचारलं, "आवं, त्या दिशी मोटंवर काय झालं? कोण व्हतं संगं?" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या हे मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "आगं, काहून इचारती? त्ये दुखणं रडायलंय. काल मांजरीचं पिल्लू बघून बी रडला." मला वाटलं, दोन लेकांच्या मध्ये सापडलेली आई दुसरं काय म्हणणार?

मग मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. भाऊजींनी दूध आणलं की आधी मी घोट घ्यायची. परभणीहून आणलेल्या औषधाची बाटली मी कमरेला बांधून फिरायची. भाऊजींना हे कळत होतं. एकदा मी दूध चाखत असताना ते शांतपणे म्हणाले, "वैनी, साखर घालू का?" मला थट्टेचा राग आला. ती थट्टा नव्हतीच, आज वाटतं तो माणूस माझ्याशी बोलायला काहीतरी धागा शोधत होता.

आणि भाकरी. मालक आपल्या हातानं जेवायला लागले तेव्हापासून भाकरीचा उजवा अर्धा भाग खायचे आणि डावा अर्धा तसाच ठेवायचे. मधोमध, सुतानं आखल्यासारखा. वाटीतली भाजी डावीकडं असली तर तिला हात नाही. पोट भरलं का विचारलं तर मान हलवायचे, नाही. मग हे उरलेलं खा की म्हटलं तर माझ्या तोंडाकडं बघायचे. तीन दिवस असं झाल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्धी भाकरी! वाटणी! तोंडानं सांगता येत नाही म्हणून हा माणूस ताटात सांगतोय: अर्ध्या हिश्श्यापायी माझं हे झालं. आपल्या हुशारीचा मला इतका अभिमान वाटला की ते ताट मी झाकून ठेवलं आणि आत्याबाईंना दाखवलं. त्या ताट बघून उठून गेल्या.

फाल्गुनात भाऊजी त्यांना धरून रोज सकाळी अंगणात चालवायला लागले. डावी बाजू लुळी म्हणून डाव्या दंडाला धरायचे. दारातून दोघं एकदम मावत नसत, तेव्हा तेवढ्यापुरते भाऊजी मागं राहत. एक दिवस अंघोळ घालताना मला मालकांच्या डाव्या खांद्यावर काळंनिळं दिसलं. दुसऱ्या दिवशी दंडावर. मी ओल्या हातानंच बाहेर आले.

"हे काय केलंत, भाऊजी?"

"चौकटीला लागलं, वैनी. म्या मागं व्हतो. दादा तिकडं बघतच न्हाई."

"चाळीस वर्सं ज्या दारातून गेला त्येला दार दिसंना झालं व्हय?"

मी कणगीत हात घालून नाड्याचं टोक काढलं आणि त्यांच्यापुढं टाकलं. म्हणाले, मी परभणीला अमीनसाहेबाकडं जाते, पोलिसांना काय ते ठरवू दे. आत्याबाईंनी पदर पसरला. घरची अब्रू कचेरीत जायला नको म्हणून पाटलांनी तोड काढली: भाऊजींनी बेल-भंडारा उचलायचा. म्हणजे खंडोबापुढचं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची. खोटी घेतली तर पाच आठवड्यांत ती उलटते, असं आमच्याकडं सगळेच मानत. मीही मानत होते. मला तर न्याय झाल्यासारखंच वाटलं.

रविवारी देवळात पाटील, गावातले दोन म्हातारे, आत्याबाई आणि मी. मालकांना गाडीतून आणून खांबाला टेकवून बसवलं, त्यांच्या उजव्या हाताला मी बसले. भाऊजी आले, देवाच्या पाया पडले आणि आपल्या जागी बसले, भावाच्या डाव्या हाताला.

ते म्हणाले, "दादा, भंडारा मागून उचलतो. आदी तू सांग. म्या काई केलं न्हाई म्हण, न्हाईतर केलं म्हण. तू म्हणशील ते मला कबूल हाय."

मालकांनी ऐकलं. त्यांची मान हलली, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं, माझ्याकडं. पाटलांनी खाली बघितलं. भाऊजींचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आणि मला वाटलं, सापडला.

त्यांनी भंडारा उचलला. "दादाच्या अंगाला म्या वाईट हात लावला आसंल तर माजं वाटोळं हू दे." मग तळहातावरची हळद कपाळाला लावून ते आईला म्हणाले, "आता ह्या घरचं पाणी मला न्हाई." आणि देवळातूनच ताडकळसची वाट धरली. घरी येऊन कपडेसुद्धा घेतले नाहीत.

मी आठवडे मोजायला लागले. दुसऱ्या आठवड्यात ताडकळसहून निरोप आला: मुलगी झाली, आई आणि लेक दोघी खुशाल. आत्याबाईंनी गूळ वाटला. आणि मला, हे लिहिताना हात अडतो, वाईट वाटलं. एका तान्ह्या जिवाची खुशाली ऐकून मी मनातून खट्टू झाले. काहीतरी उलटायला हवं होतं. अजून तीन आठवडे आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. संशयानं माणूस कुठवर जातो ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं, पण कळलं नाही.

भाऊजी गेल्यावर हातापायाला तेल चोळायचं काम माझ्यावर आलं. चैत्रातली गोष्ट; मालक एव्हाना अडखळत का होईना, वाक्यं बोलायला लागले होते. त्या दिवशी चुलीकडच्या बाजूला मी कुरडया वाळत घातल्या होत्या, म्हणून बाजेच्या पलीकडून, दाराच्या बाजूनं बसले. भाऊजी बसत तिथंच. तेल हातावर घेतलं आणि मी म्हणाले, "आवं, आज पाय आदी घेऊ का?"

मालकांनी मान फिरवली. चुलीकडं. कुरडयांकडं. डोळे तिथं शोधायला लागले, बावरलेले, अगदी तसेच.

"आगं, कुठं हाईस?" ते म्हणाले.

मी त्यांचा हात हातात धरून बसले होते. "हितं हाय की," मी म्हणाले. त्यांची मान आणखी तिकडंच वळली. "कुठं? दिसंनास."

मी उठून फिरून चुलीकडं गेले. त्यांचा चेहरा खुलला. "हां. आलीस का." पुन्हा दाराकडं गेले. मी नाहीशी झाले. चार वेळा असं केलं. मग जेवणाचं ताट आणलं. नेहमीसारखी अर्धी भाकरी खाऊन झाली तेव्हा मी ताट अर्धं फिरवलं. डावीकडची भाकरी उजवीकडं आली.

"आनखी वाढलीस?" ते आनंदानं म्हणाले, आणि ती खायला लागले. पोटभर जेवले. दोन महिने तो माणूस माझ्यासमोर अर्धपोटी उठत होता आणि मी त्या भाकरीत कोर्टकचेरी वाचत होते.

ते खात होते आणि मी मोजत होते. हाक मारली की इकडं वळलेलं तोंड. चौकटीला लागलेला खांदा, डावा. दंड, डावा. देवळातली मान. त्यांना डावीकडचं जगच उरलं नव्हतं. त्या बाजूनं आलेला आवाज ते उजवीकडं शोधत होते, आणि उजवीकडं मी होते. भावाला ते टाळत नव्हते. भाऊ त्यांना दोन महिने दिसलाच नव्हता.

तरी माझी खोड बघा. नाडा उरलाच होता. ते टोक घेऊन मी दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याकडं गेले. त्यानं ते हातात फिरवलं आणि म्हणाला, "चाकाची कड फुटली हाय, बाई. तिनं रोज एक एक पदर कापला. धाकल्यानं दिवाळीतच मला नवा नाडा वळाया सांगितला व्हता. थोरले मालक म्हणले, ह्यो हंगाम निभंल." मी घरी कशी आले मला आठवत नाही. आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला न्हाई, त्येला सांग."

परभणीच्या डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, नजर ठीक आहे, पण डोक्याला मार लागला की बाईं तरफ़ का ख़याल, म्हणजे डाव्या बाजूचं भानच, जातं. त्या बाजूनं बोलत राहा, शिकवत राहा, येईल हळूहळू. मी शिकवलं. जेवण संपलं की ताट फिरवायचं, दारात आलं की आधी डावी चौकट हातानं चाचपायची. पण ते पुढं. आधी ताडकळस.

मी गाडी जुंपायला लावली आणि मालकांना गादीवर बसवून घेऊन गेले. भाऊजींच्या सासरच्यांनी बसायला टाकलं. भाऊजी बाहेर आले, भावाच्या पाया पडले आणि बसले, डाव्या हाताला.

"भाऊजी, इकडून बसा," मी म्हणाले.

"माजी जागा मला ठावं हाय, वैनी."

वहिनीनं दिराच्या अंगाला हात लावायची रीत नाही. मी त्यांचा दंड धरला, ओढून उठवलं आणि उजव्या हाताला आणून बसवलं. मालकांनी समोर बघितलं. मग थोडं बाजूला. आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"आरं! कव्हा आलास?" त्यांनी चांगल्या हातानं भावाचं मनगट धरलं. "किती दिस लावलेस रं. म्या रोज वाट बघायलो. म्या म्हणलं, वाटण्यापायी रुसलास का काय. करू की वाटण्या. म्या कुठं न्हाई म्हणलं?"

भाऊजींनी कपाळ भावाच्या गुडघ्यावर टेकवलं. एवढा दांडगा माणूस, त्याचे खांदे गदगदत होते. मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्येला काय झालं?"

मी भाऊजींना परसात गाठलं. कुरडया, ताट, नाडा, सगळं सांगितलं. माझं चुकलं, असं मी म्हणाले. आणखी काय म्हणणार? त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजी त्या दिशी देवळात दादाला म्या दिसलोच न्हाई?" एवढंच दोनदा विचारलं. मग चेहऱ्यावरून हात फिरवला. मी म्हणाले, घरी चला.

"येतो. पेरणी तोंडावर आली, दादाच्यानं व्हायची न्हाई. मळ्यात छप्पर घालून ऱ्हातो. पर पाणी न्हाई, वैनी. देवाम्होरं बोललोय ते देवाम्होरंच ऱ्हाऊ द्या." पुढं म्हणाले, "आन् दादाला भंडाऱ्याचं सांगू नगा. त्येला कळलं तर तुमाला नांदवायचा न्हाई."

मालकांना देवळातलं काहीच आठवत नव्हतं. त्या दिवसांतलं बरंचसं पुसलं गेलं होतं. मी सांगितलं नाही. भाऊजींनी नाही, आत्याबाईंनी नाही, आणि गावात ज्यांनी पाहिलं होतं त्यांनीही नाही.

ते मळ्यात राहायला आले, बायको आणि लेक घेऊन. रोज दुपारी घरी येऊन भावाच्या उजव्या हाताला बसायचे, पेरणीचं, बैलांचं बोलायचे, हात चोळायचे. मालक सुधारत गेले. बोलणं स्पष्ट झालं, काठी घेऊन दारापर्यंत जायला लागले, डावीकडून हाक मारली तर थोडं थांबून वळायला लागले.

ज्येष्ठातल्या एका दुपारी भाऊजी उन्हातून आले. ओठ फुटले होते, गळ्यावर घामाचं मीठ साचलं होतं. मालकांनी स्वतः उठून, काठी भिंतीला टेकवून, माठातून तांब्या भरला. दुखण्यानंतर पहिल्यांदाच. अर्धं पाणी सांडलं. उरलेलं भावापुढं धरलं.

"घे."

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"तहान न्हाई, दादा," ते म्हणाले.

मालक हसून मला म्हणाले, "बघ, ह्येला कदी तहानच लागत न्हाई," आणि ते पाणी स्वतः पिऊन टाकलं.